पाटी नसलेला डोंगर

भीमाशंकरच्या पायऱ्या उतरून देवळापाशी आलं की शनीच्या मंदिरासमोर एक मोठी घंटा टांगलेली दिसते. ती ओतली गेली तेव्हा ओतणाऱ्याच्या मनात महादेव नव्हता. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. त्या मुलखातल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. भीमाशंकरची घंटा त्यांतलीच. तिच्या अंगावरच्या ख्रिस्ती खुणा अजून ओळखू येतात. बहुतेक लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि रांगेत परततात. जरा थांबलं तर एक मजा लक्षात येते. चर्चची घंटा वाजवणं हे नेमून दिलेल्या माणसाचं काम. वेळ झाली की तो दोर ओढणार आणि घंटा लांबलांबच्या घरांना सांगणार, 'या'. देवळातली घंटा कुणीही वाजवावी, हात पोचत नसेल तर बापानं पोराला उचलून धरावं. ती गावाशी बोलत नाही. आतल्या देवाला ती सांगते, 'आलो'. घंटा तीच राहिली, तिचा नियम मात्र घाट चढताना उलटा झाला. हा फेरफार कुणी कुठं लिहून ठेवलेला नाही.

पुण्यापासून भीमाशंकर शंभर-सव्वाशे किलोमीटर. पुणं हे नियम लिहून काढणारं शहर आहे. बेल एकदाच दाबावी, फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल, दुपारी 1 ते 4 दुकान बंद. या पाट्यांची थट्टा पुष्कळ झाली, पण पाटी ही परक्यावर केलेली मेहेरबानीही असते. इथं काय चालतं आणि काय खपत नाही ते त्याला नुसतं वाचून कळतं. जिथं रोज नवा माणूस दाराशी येतो तिथं लिहावंच लागतं. भीमाशंकरच्या आसपास, आंबेगाव-जुन्नर तालुक्यांच्या पश्चिमेकडच्या वाड्यांमध्ये पिढ्यानपिढ्या तीच घरं आणि तीच माणसं; पाटी लावायची कुणासाठी? मग शनिवार-रविवारी वर येणारा पाहुणा कोऱ्या भिंती बघतो आणि इथं नियमच नाहीत असं धरून चालतो. जरा मोकळं व्हायला आलो, असं तो म्हणतोही. खरं तर तो चांगल्या दाट नियमांच्या रानात शिरलेला असतो, फक्त ते त्याला दिसत नाहीत.

कर्जतकडच्या खांडसहून शिडी घाटानं किंवा गणेश घाटानं चढून येणाऱ्यांची पहिली परीक्षा उंबऱ्याशी होते. शेणानं सारवलेली जमीन ही बसायची, जेवायची आणि निजायची जागा. तिच्यावर चिखलाचे बूट आणणं म्हणजे ताटात पाय ठेवणं. एवढं बहुतेकांना कळतं, आजोळी पाहिलेलं असतं. पण बूट पडवीपर्यंत चालतात की अंगणातच काढायचे? चुलीपाशी परक्यानं जावं का? अंगणात वाळत घातलेला हिरडा ओलांडावा की वळसा घालावा? धान्य ओलांडू नये, केरसुणी ओलांडू नये, निजलेल्या माणसाला ओलांडू नये, हे मराठी घरांत मुलांना सांगत आले. फ्लॅटमधून वाळवणं गेली, त्यांच्याबरोबर तो नियमही गेला. डोंगरात वाळवण अजून आहे. झाडावरून कोवळा उतरवून वाळवलेला बाळहिरडा ही इथल्या महादेव कोळी घरांची रोख कमाई आहे. त्यावरून लांब ढांग टाकणारा पोरगा कुणाच्या तरी पगारावरून चालत असतो.

मग प्रश्न सुरू होतात. 'पाव्हणं, कुठलं?' गाव कोणतं, घरी कोण कोण, लग्न झालं का, पोरं किती. शहरी माणूस अवघडतो. त्याला ही चौकशी वाटते. ब्रोनिस्लॉ मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर मुक्काम केला होता. 1923 साली छापलेल्या एका लेखात त्यानं नेमक्या याच बोलण्यावर बोट ठेवलं. बेटावरचा 'कुठून आलास?' आणि इंग्रजांचं 'आज हवा छान आहे' ही दोन्ही एकच काम करतात, असं त्याचं म्हणणं. माहिती कुणालाच नको असते. दोन माणसं समोरासमोर येऊन गप्प उभी राहिली की जो ताण जाणवतो, तो बोलण्यानं सैल होतो. चीनमध्ये जुन्या वळणाची माणसं भेटल्यावर 'जेवलात का?' म्हणतात. आपल्याकडेही म्हणतात, आणि खरोखर 'नाही' असं उत्तर देणाऱ्यानं पुढच्या आग्रहाची तयारी ठेवावी. पुण्या-मुंबईचा माणूस पहिल्याच भेटीत 'काय करता?' विचारतो, म्हणजे थेट पोटापाण्यालाच हात घालतो, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. यातला कोणता प्रश्न जास्त बोचतो, ते नोकरी सुटलेल्या माणसाला विचारून पाहावं.

'कुठलं?' हा प्रश्न दर वेळी इतका साधा नसतो, हेही खरं. गावामागून आडनाव येतं आणि आडनावामागून जात. पाणी कोणत्या भांड्यातून द्यायचं हे या उत्तरावर ठरत होतं, ते दिवस फार मागे गेलेले नाहीत. अलिखित रीतींचं कौतुक करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की जातीचा सारा कारभार अशाच रीतींवर चालला. तो मोडायला राज्यघटनेच्या 17 व्या कलमात अस्पृश्यता बंद केल्याचं पांढऱ्यावर काळं करावं लागलं. लिहिलेल्या नियमाची गरज कुठं पडते, त्याचं याहून मोठं उदाहरण सापडणार नाही.

चहाचं शास्त्र वेगळं. पहिलं 'नको' ऐकलंच जात नाही. दुसऱ्या 'नको'चा अर्थ अर्धा कप. तिसऱ्या खेपेला ते खरं धरतात, पण तोवर घरधनीण खट्टू झालेली असते. नवीनच परदेशी गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांना याची उलटी बाजू कळते. कुणाच्या घरी जेवायला बोलावलेलं असतं, भिडेपोटी एकदा 'नको' म्हटलं जातं, यजमान समजूतदारपणे मान हलवतो आणि पातेलं आत जातं. तिकडे नकाराचा मान राखणं हाच पाहुणचार. दोघंही एकमेकांशी फार चांगलं वागलेले असतात आणि एक जण उपाशी झोपतो.

पैशाची गोष्ट अजून नाजूक. भीमाशंकरच्या आसपास आता काही घरांत ठरलेल्या दरानं जेवण मिळतं. शेजारच्या घरात तेच पिठलं आणि तीच भाकरी पाहुणा म्हणून वाढतात. पहिल्या घरी पैसे बुडवणं ही चोरी आणि दुसऱ्या घरी पाकीट उघडणं हा अपमान. बाहेरून दोन्ही घरं सारखीच. जुनी वाट अशी की निघताना घरातल्या लहान पोराच्या हातावर काहीतरी ठेवायचं, खाऊला म्हणून. आई म्हणते, 'कशाला?' पाहुणा म्हणतो, 'राहू द्या.' ही रक्कम जेवणाची आहे हे दोघांनाही ठाऊक असतं आणि तसं कुणी म्हणत नाही म्हणूनच व्यवहार पार पडतो. फोन काढून 'किती झाले, स्कॅन करतो' म्हणणारा तरुण अप्रामाणिक नसतो, उलट जास्तच काटेकोर असतो. पण जे झाकून ठेवायचं होतं ते त्यानं उघड्यावर मांडलेलं असतं.

शब्दांचंही तसंच. 'धन्यवाद' आणि 'आभार' हे मराठीत व्यासपीठावरचे शब्द. सभेत आभारप्रदर्शन सुरू होतं तेव्हा अर्धे लोक चपला शोधत असतात. तांब्याभर पाणी दिलं म्हणून आईला कुणी धन्यवाद देत नाही. अमेरिकेत वाढलेला नातू आजीला पोळीगणिक 'थँक्यू' म्हणू लागला की पहिल्या पोळीला आजीला कौतुक वाटतं आणि चौथ्या पोळीला आपण कुणी परकं आहोत की काय असं वाटू लागतं. 'मावशी' या शब्दाची गंमत याच्या उलट. शहरात तो नात्यावरून हुद्द्यावर गेला आहे: धुणंभांडी करणारी मावशी, दवाखान्यातली मावशी. 'ओ मावशी, पाणी मिळेल का?' असं वाडीत येऊन विचारणारा मुलगा आपल्या परीनं कामवालीला हाक मारत असतो. ती बाई ऐकते ते बहिणीचा मुलगा बोलल्यासारखं, आणि लगबगीनं पाणी आणते.

भीमाशंकरची श्रावणी सोमवारची रांग हा आणखी एक धडा. अमेरिकन अभ्यासक एडवर्ड हॉल यांनी 1966 सालच्या पुस्तकात माणसं आपल्याभोवती किती अंतर राखतात त्याची मापं दिली. त्यांच्या पाहणीतल्या अमेरिकी मध्यमवर्गात दीड फुटाच्या आतली जागा अगदी जवळच्या माणसांसाठी राखीव. ज्योतिर्लिंगाच्या रांगेत दीड फुटात तीन माणसं, एक पिशवी आणि दुधाची पिशवी मावते, आणि कुणालाही आपल्या जवळच्या वर्तुळात परका घुसला असं वाटत नाही. अंतर राखलं तर मात्र मागचा विचारतो, 'तुम्ही रांगेत आहात का?' दर्शन झाल्यावर शंकराला पूर्ण प्रदक्षिणा नाही. अभिषेकाचं पाणी जिथून वाहतं ती जागा न ओलांडता मागे फिरायचं. नवखा माणूस सरळ गोल निघतो आणि पाच-सहा अनोळखी हात एकदम त्याला थांबवतात. इथं नियम न लिहिताही पोचतो, कारण सांगायला माणसं उभी आहेत.

देवराईत तशी माणसं उभी नसतात. आंबेगाव तालुक्यात आहुप्याची देवराई प्रसिद्ध आहे, आणि सह्याद्रीच्या या रांगेत लहानमोठ्या कित्येक आहेत. देवाच्या नावानं सोडलेलं रान: कुऱ्हाड न्यायची नाही, पायताण बाहेर ठेवायचं, आत हागणं-मुतणं नाही, आरडाओरड नाही. पुण्याचे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून 1976 साली त्यावर लेख प्रसिद्ध केला, तेव्हा आधुनिक विज्ञानाचं याकडे लक्ष गेलं. कित्येक देवरायांत पडलेली काटकीही उचलत नाहीत, हे त्यांनी नोंदलं. कुंपण नाही, पहारेकरी नाही, दंडाची पावती नाही. आणि आजूबाजूचा डोंगर बोडका झालेला असताना मधोमध जुनी झाडं उभी.

आता याला लेखी नियम जोडून पाहावा. 1985 साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 130 चौरस किलोमीटरचं, शेकरूसाठी नावाजलेलं. फेब्रुवारी 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरच्या अभयारण्यांतून आणि राष्ट्रीय उद्यानांतून वाळलेली, पडलेली झाडं आणि गवतसुद्धा काढून नेण्यास मनाई केली. कागदावर हा देवराईचाच नियम. मग तो इथल्या लोकांना जाच का वाटावा? कारण देवराईला हद्द होती. तिच्या आत काहीच घ्यायचं नाही हे पाळणं जमायचं, कारण बाहेरच्या रानातून टहाळ तोडून भाताचा राब भाजता येत होता, हिरडा उतरवता येत होता, चुलीला सरपण मिळत होतं. जुन्या नियमानं जंगलाचे दोन भाग केले होते, एक देवाचा आणि एक पोटाचा. नव्यानं सगळंच देवाचं करून टाकलं आणि पोटाचं काय ते सांगायचं राहिलं. अभयारण्यातल्या गौण वनोपजावरचा हक्क कायद्यात यायला 2006 उजाडलं. ज्यांनी आदेश लिहिला त्यांचा हेतू वाईट नव्हता. समोरच्यांचाही एक नियम आधीपासून असू शकतो, एवढंच त्यांच्या हिशेबात नव्हतं.

देवराईच्या रीतीही सगळ्याच गोड मानून घेण्याचं कारण नाही. काही देवरायांत बायकांना जायला बंदी, काहींत पाळीच्या दिवसांत. पर्यावरणाच्या व्याख्यानांत हा भाग सहसा गाळला जातो, आणि गाळणारे बहुधा पुरुष असतात.

खरी तक्रार पुढं आहे. दोन रीती समोरासमोर आल्या की शिकायचं कुणी, हे कधीच चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. आश्रमशाळेत गेलेलं आदिवासी मूल पहिल्या दिवसापासून दुसऱ्यांचे नियम शिकायला लागतं: ओळ, घंटा, 'मे आय कम इन', बोलीतला शब्द तोंडून निसटला की हसणं. त्याचं चुकलं तर ते 'मागासलेलं'. शहरातला मुलगा वाडीत चुकला तर तो 'पाहुणा', 'पोरं आहेत, चालायचंच'. चूक सारखीच, पण एकाच्या प्रगतिपुस्तकात ती लिहिली जाते. तालुक्याच्या कुठल्याही कचेरीत दाराबाहेर चपला दिसतात. साहेब स्वतः बूट घालून आत बसलेले असतात. चपला काढणारे डोंगरातून आलेले. घराचा उंबरा आणि कचेरीचा उंबरा त्यांच्या लेखी सारखाच म्हणून ते चपला काढतात, असं एक उत्तर. साहेबाची भीती हे दुसरं. दोन्ही खरी असावीत. आतल्या माणसाला मात्र त्यात फक्त लीनता दिसते आणि ती त्याला आवडते.

दोन्ही बाजूंची भाषा येणारे थोडे. जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे डॉ. गोविंद गारे हे असं एक नाव; महादेव कोळी समाजावर त्यांनी आतून लिहिलं आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेचं संचालकपदही सांभाळलं. पण गारे वाचून भीमाशंकरला जाणारा पर्यटक विरळा. 'कुठं काय खावं' हे तो वाचून येतो, कसं वागावं हे कुणी विचारत नाही. वाटाड्या म्हणून गावातला मुलगा बरोबर घ्यावा आणि निघण्याआधी त्यालाच विचारावं, 'इथं काय करत नाहीत?' हा साधा उपाय आहे. वनखात्यानं आणखी पाट्या ठोकल्या तर लोक त्यांच्यासमोरही फोटो काढतील.

बाहेरून आलेल्यानं इथली रीत उचलणं अशक्य नाही, याचा पुरावा जुन्नरच्या डोंगरांत कोरलेला आहे. नाणेघाटातून व्यापार चालायचा त्या काळात, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास, इथल्या बौद्ध लेण्यांना दान देणाऱ्यांत तीन यवनांची, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या परक्यांची, नावं ब्राह्मी लेखांत सापडतात. इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिली. चिट नावाच्यानं संघासाठी भोजनमंडप दिला. तिसरा चंद, त्यानं लेण्याची दर्शनी बाजू करवली. हे परके लोक इथं काय भाषा बोलत, काय खात, कोण जाणे. पण भिक्षूंच्या दारात काय घेऊन जावं हे त्यांनी कुणाला तरी विचारलेलं दिसतं. आणि नाव कोरलं ते इथल्या लिपीत, इथल्या प्राकृतात, इथले दाते जसं कोरत तसंच.

आज जुन्नरमध्ये परक्याचा प्रश्न निघाला की तो बहुधा बिबट्याचा असतो. धरणांच्या पाण्यानं पूर्वेकडे ऊस आला आणि उसात बिबट्या राहू लागला. 2001 नंतरच्या काही वर्षांत पकडलेले बिबटे दुसरीकडच्या रानात नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2011 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की अशा सोडण्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढले. ओळखीच्या मुलखात माणसाला चुकवत जगणारं जनावर अनोळखी जागी आणून टाकलं होतं. तिथली वाट, तिथलं पाणी, माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा, यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं.

पश्चिमेकडच्या वाड्यांनी वाघाशी आपला करार फार पूर्वीच करून ठेवला आहे. दिवाळीची सुरुवात शहरात वसुबारसेनं होते. डोंगरात त्याच दिवशी वाघबारस. गुराखी घरोघरचं दूध गोळा करून वाघोबाच्या ठाण्यापाशी खीर शिजवतात. एखाद्या पोराला वाघ बनवतात, बाकीची त्याला घेरतात आणि दरडावून विचारतात, 'आमच्या शिवारात येशील का?' तो नाही म्हणेपर्यंत सोडत नाहीत, मग पळवून लावतात. खाली मंचरच्या चौकात तेव्हा दिवाळीच्या सुट्टीच्या गाड्या भीमाशंकरकडे जाणाऱ्या घोडेगावच्या रस्त्याला वळत असतात.